अमेरिकेचा अर्ज कोण वाचतं?

इंजिनिअरिंगला मूल असलेल्या मराठी घरात प्रवेश म्हणजे कॅप राउंड. सीईटीचं पर्सेंटाइल, गेल्या वर्षीचा कट-ऑफ, पर्यायांचा फॉर्म आणि मग यादी. आकडा कळला की कॉलेज कळतं. तेच मूल तिसऱ्या वर्षाला आलं की अमेरिकेचं बोलू लागतं आणि घरातून पहिला प्रश्न येतो, ‘जीआरईला किती पडले की कुठलं कॉलेज मिळतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे यादी लागतच नाही. अर्ज माणसं वाचतात, आणि ती माणसं कोण हे एकदा कळलं की बाकीचा गोंधळ निम्म्याने कमी होतो.

विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल नावाचं जे कार्यालय असतं ते बहुतेक ठिकाणी कागदपत्रं तपासतं आणि किमान अटी पाहतं. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवतो तो विभाग. म्हणजे तिथले चार-पाच प्राध्यापक, जे आपली शिकवणी आणि संशोधन सांभाळून डिसेंबर-जानेवारीत अर्जांचे गठ्ठे संपवत असतात. म्हणून ‘अमुक विद्यापीठाला इतका स्कोअर लागतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. एकाच विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग एक बघतो, स्थापत्याचा दुसरंच काही.

या प्राध्यापकांसमोर दोन जातीचे अर्ज येतात. बहुतेक मास्टर्सचे विद्यार्थी फी भरतात, म्हणजे विद्यापीठाला पैसे आणून देतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर विभाग स्वतः खर्च करतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि बऱ्याच सामाजिक शास्त्रांत पीएचडीचा प्रवेश म्हणजे फी माफ, वर दरमहा विद्यावेतन आणि बहुधा आरोग्य विमासुद्धा. बदल्यात आठवड्याला वीस तासांपर्यंत शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं. पाच-सहा वर्षं एका माणसाला पोसायचं तर निवड जपून होणार. मास्टर्सला चुकीचा विद्यार्थी घेतला तर त्याचं नुकसान बहुतांशी त्याचंच. पीएचडीला चुकीचा घेतला तर एका प्राध्यापकाचा निधी आणि काही वर्षं वाया जातात. पत्रं, निबंध, गुण यांचं कुठे किती वजन पडतं, हे या हिशेबावर ठरतं.

आपल्याकडे फारसं ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे तिथे पीएचडीसाठी आधी मास्टर्स लागतंच असं नाही. चार वर्षांचं बी.ई. करून थेट अर्ज करता येतो, पहिली दोन वर्षं अभ्यासक्रम असतो आणि वाटेत मास्टर्सची पदवीही बऱ्याच ठिकाणी मिळते. पंचाऐंशी-नव्वद लाखांचं कर्ज काढून एम.एस. आणि मग पीएचडीचा विचार, असा क्रम धरणाऱ्या संशोधनाच्या ओढीच्या मुलांना हे कोणी सांगतच नाही. कन्सल्टन्सीवाले तर नाहीच सांगणार. त्यातल्या काहींना विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, आणि ते मिळतं फी भरणाऱ्या विद्यार्थ्यावर. तीन वर्षांचं बी.एस्सी. केलेल्यांची अडचण वेगळी. अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, म्हणून फर्ग्युसन किंवा रुईयाची मुलं आधी इथे एम.एस्सी. करून जात आली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातलं ऑनर्सचं चौथं वर्ष इथे उपयोगी पडावं.

आता पत्रांकडे वळू, कारण आपले अर्ज सगळ्यात जास्त मार खातात ते तिथे. साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्या कॉलेजांत हे कसं चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण रे, मी बघतो.’ मुलगा नेटवरचा नमुना उचलतो, तिघांची नावं घालून तीन पत्रं बनवतो आणि सर ती अपलोड करतात, किंवा लिंकच मुलाकडे पाठवून मोकळे होतात. सरांचाही दोष पूर्ण नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यातली कितीतरी दारात उभी, आणि प्रत्येकाची आठ-दहा विद्यापीठं.

पण तिकडून काय दिसतं ते बघा. अर्जात विद्यार्थ्याने सरांचा ईमेल भरला की विद्यापीठ थेट सरांना लिंक पाठवतं. त्याआधी विद्यार्थ्याला एक प्रश्न असतो: हे पत्र पाहण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? १९७४च्या एका अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे, तो इथे सोडायचा असतो. ‘सोडतो’ म्हणावं. हक्क राखून ठेवलेल्या पत्राकडे समिती संशयाने बघते, कारण विद्यार्थी वाचणार म्हटल्यावर कोण मोकळेपणाने लिहील? सरांनी लिंक उघडली की पुष्कळ ठिकाणी आधी एक तक्ता येतो. तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा कुठे बसतो: वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत? बुद्धिमत्ता, चिकाटी, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत, अशा ओळींपुढे खुणा करायच्या. मग पत्र जोडायचं. तिन्ही प्राध्यापकांनी सगळ्या खुणा वरच्या १ टक्क्यात केल्या, तिन्ही पत्रांत मुलगा कष्टाळू, प्रामाणिक आणि वर्गात नियमित हजर आहे, आणि तिघांच्या इंग्रजीची धाटणी निबंधाच्या धाटणीशी जुळते, तर वाचणाऱ्याला कळायला दोन मिनिटं लागत नाहीत. त्यात सरांचा ईमेल कॉलेजचा नसून जीमेलचा असला की आणखी शंका.

चांगल्या पत्रात एक तरी गोष्ट अशी असते जी फक्त त्या शिक्षकालाच ठाऊक असू शकते. सातव्या सत्रात प्रकल्पाचं सर्किट तीनदा जळलं, बाकीच्या गटाने विषय बदलला, ही मुलगी मात्र सुट्टीत लॅबची किल्ली मागून घेऊन बसली. हे एक वाक्य तक्त्यातल्या दहा खुणांना भारी पडतं. म्हणून सरांना मसुदा नेऊन देऊ नका, टिपण द्या. त्यांच्याकडे कोणता विषय शिकलात, कोणता प्रकल्प केला, काय फसलं, काय जमलं, कुठल्या विभागाला अर्ज करताय, शेवटची तारीख काय, एवढं एका पानावर. लिहिणं त्यांचं. विभागप्रमुखांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीचा मोह टाळा. तुम्हाला नावाने न ओळखणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा लॅबमध्ये रोज पाहणारे सहायक प्राध्यापक बरे.

एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हे दुसरं प्रकरण. आपल्या मुलांचा एसओपी बहुधा लहानपणी सुरू होतो. संगणकाची आवड, वडिलांनी आणून दिलेलं पहिलं यंत्र, अब्दुल कलामांचं एखादं वचन, आणि दुसऱ्या पानावर कुठेतरी प्रकल्प. वाचणाऱ्या प्राध्यापकाला हवं असतं उलटं. समजा, सांगलीच्या एका मुलाने द्राक्षावरची भुरी आणि केवडा पानांच्या फोटोंवरून ओळखणारा प्रोग्रॅम केला. ‘मला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड ओढ आहे’ असं त्याने लिहिलं तर तशीच ओढ असलेले शेकडो अर्ज त्या गठ्ठ्यात आहेत. पण त्याने लिहिलं की आयत्या संचातल्या स्वच्छ फोटोंवर प्रोग्रॅम छान चालला, तासगावच्या बागेत सकाळी दव असताना काढलेल्या फोटोंवर मात्र आपटला, कारण पाण्याचा थेंब आणि बुरशीचा डाग त्याला सारखेच दिसत होते. मग त्याने काय करून पाहिलं, काय सुटलं, काय अजून सुटलेलं नाही. आणि हाच प्रश्न तुमच्या विभागातल्या अमुक प्राध्यापकांच्या कामाशी असा जुळतो. आता वाचणारा खुर्चीत सरसावून बसेल. आपल्याकडे अपयश झाकायची रीत आहे. इथे नीट समजावून सांगितलेलं अपयश कामाला येतं.

प्राध्यापकांना आधी ईमेल करावं का? विषयावर आहे. पर्यावरणशास्त्र, भूशास्त्र अशा क्षेत्रांत कुणी एक प्राध्यापक तुम्हाला घ्यायला तयार असल्याशिवाय प्रवेश अवघड, तेव्हा लिहावंच. अर्थशास्त्रात समितीच ठरवते, तिथे ईमेलचा फारसा उपयोग नाही. ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅव गॉन थ्रू युवर एस्टीम्ड पेपर्स’ असं एकच पत्र पन्नास जणांना पाठवण्याने कुठेच काही होत नाही.

गुणांचं थोडक्यात. जीआरई सप्टेंबर २०२३पासून आखूड झाली, आता दोन तासांच्या आत संपते. करोनानंतर पुष्कळ विभागांनी ती ऐच्छिक केली, काहींनी काढूनच टाकली, काहींनी परत आणली. प्रत्येक विभागाचं पान उघडून पाहणं हाच उपाय. सीजीपीए स्वतःच्या हिशेबाने चारच्या मोजपट्टीवर बसवू नका, विद्यापीठाने सांगितलं नसेल तर आहे तसा लिहा. मुंबई-पुण्याच्या गुणपत्रिका वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांना इथले ६५ टक्के म्हणजे काय ते कळतं. एटीकेटी लपत नाही, गुणपत्रिकेत दिसते. पुढच्या सत्रांत गुण चढले असतील तर तेही दिसतं.

मोठा प्रश्न शेवटी पैशाचाच. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास १९१७ साली अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पैसे देणारा बदल्यात काय मागतो, हे तेव्हाही आधी वाचून घ्यावं लागे. आज बँक फ्लॅट गहाण मागते, तारण न मागणाऱ्या वित्तसंस्था व्याज जास्त लावतात, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर गेलात तर शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२पासून उच्च शिक्षणाला मदत करत आलं आहे, पण ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, परत करायची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आणि अमेरिकेचं वेळापत्रक यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही, तेव्हा तिच्या भरवशावर बाकीची तजवीज सोडू नये.

मास्टर्सच्या कर्जाचं गणित सगळे एका गृहीतावर मांडतात: शिकून झाल्यावर तिथे नोकरी. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीखाली बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी चोवीस, असा तीन वर्षांचा काळ मिळतो, आणि २०२३-२४मध्ये भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर जाऊन चीनला मागे टाकून गेली त्यामागे या तीन वर्षांचा मोठा हात आहे. पण सप्टेंबर २०२५मध्ये नोकरीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून व्हिसाचा दर्जा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा महिनाभराने आला. मधल्या काळात किती घरांची झोप उडाली असेल! पीएचडीवालेही सुटलेले नाहीत. त्याच वर्षी केंद्रीय संशोधन निधीला कात्री लागली, अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा घटवल्या, आणि मॅसॅच्युसेट्सच्या युमास चॅन वैद्यकीय विद्यापीठाने तर दिलेले प्रवेश परत घेतले. परतफेडीचा हिशेब भारतातल्या पगारावरही एकदा मांडून बघावा. तो अगदीच बसत नसेल तर इतकं मोठं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरं येऊ लागतात आणि घाई सुरू होते. आर्थिक साहाय्यासह प्रवेश दिला असेल तर १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा असते. अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांनी तसा ठराव मान्य केलेला आहे, तेव्हा ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणणाऱ्याला नम्रपणे तारखेची आठवण द्यावी. फी भरून घेणाऱ्या मास्टर्सला हे संरक्षण नाही. तिथे आधी अनामत भरा म्हणतात, आणि ती बऱ्याचदा परत मिळत नाही.

पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय कागदावर दाखवली की विद्यापीठ आय-२० नावाचा दाखला देतं आणि मग व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीची वारी. तिथल्या अधिकाऱ्याकडे असतात जेमतेम काही मिनिटं, आणि तुम्ही कायमचे राहायला निघाला आहात असं गृहीत धरायला कायदाच त्याला सांगतो; ते खोडणं तुमच्याकडे. हेच विद्यापीठ का, पैसे कोण देतंय, शिकून काय करणार? पाठ केलेली उत्तरं तिथे लगेच ओळखू येतात. अर्ज स्वतः लिहिलेल्याला ही तिन्ही उत्तरं आधीच ठाऊक असतात. जून २०२५पासून समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायलाही सांगितलं जातं.

मुंबईत युसीफच्या, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनच्या, कार्यालयात एज्युकेशन-यूएसएचं सल्ला केंद्र आहे. अमेरिकी सरकारचा त्याला पाठिंबा आहे, तिथे कमिशनचा प्रश्न येत नाही. कन्सल्टन्सीची फी भरण्याआधी आई-बाबांना घेऊन एकदा तिथे विचारपूस करा. डिसेंबरच्या तारखा गाठायच्या तर सरांकडे ऑगस्ट-सप्टेंबरातच गेलेलं बरं. पैशाचं नक्की होत नसेल, किंवा तुम्हाला खरोखर ओळखणारे तीन शिक्षक अजून नसतील, तर यंदा थांबा आणि पुढच्या वर्षी अर्ज करा. जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो.