आईचा दोष नाही : जी-सिक्स-पीडी आणि बायकांचे रक्त

एकलहऱ्याच्या वस्तीत फिरताना आम्हाला एक बोल ऐकू येतो : "पोराला गोळी सोसली नाही, आईचेच रक्त खराब." हे का चूक आहे, ते समजून घेऊ.

व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस देतात. ज्यांच्या रक्तातील लाल पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असते, त्यांच्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते.

या एन्झाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स मिळतो, आईकडून. तो कमजोर असला की त्रास होतो. बाईला दोन एक्स : एक आईचा, एक बापाचा. मग एक चांगला असला की बाई सुरक्षित का? पूर्ण नाही.

१९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या केसांचे रंग पाहून मांडले, की मादीच्या प्रत्येक पेशीत एकच एक्स काम करतो. दुसरा गर्भातच बंद पडतो. कुठला बंद पडेल, ते चिठ्ठी टाकल्यासारखे. काळ्या-तांबड्या ठिपक्यांची मांजर बहुधा मादीच असते, ती यामुळेच.

माणसात हे कसे ओळखायचे? दोन्ही एक्स सारखेच असतील तर कुठला चालू आहे ते कळत नाही. दोहोंत फरक असणाऱ्या बायकाच हव्यात. १९६२ साली अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूटलर व सहकाऱ्यांनी एकाच एक्सवर जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बायकांचे रक्त तपासले. सगळ्या पेशी मध्यम नव्हत्या. काही चांगल्या, काही कमजोर, अशी सरमिसळ होती.

म्हणूनच भगिनींनो, साध्या चाचणीत अशा बाईचा रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. तरी तिच्या कमजोर पेशी गोळीने फुटतात. मुलाला, भावाला किंवा वडिलांना हा त्रास असेल, तर प्रायमाक्वीन घेण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि एन्झाइमचे प्रमाण मोजणारी चाचणी मागा. गोळी चालू असताना लघवी काळी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांनीही अशा पेशी फुटतात.

कुठला एक्स बाळाला द्यायचा, हे आई ठरवत नाही. तिला बोल लावू नका, तिचीही तपासणी करून घ्या.