‘जागा नाही’ या दोन शब्दांची दाद कोठे मागावी?

अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे भारतीय राज्यघटनेचे सतरावे कलम सांगते. ते कलम अमलात येऊन पाऊणशे वर्षे उलटली. या काळात पाणवठे मोकळे झाले, देवळांची दारे उघडली, शाळेच्या बाकावर सर्व जातींची मुले शेजारी शेजारी बसू लागली. हे थोडे झाले असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु एक दार असे आहे की, ज्याच्या उंबऱ्याबाहेर राज्यघटना अजून ताटकळत उभी आहे. ते दार भाड्याच्या घराचे होय.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. शिरूर हे घोड नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. जुनी माणसे त्यास अजून घोडनदी म्हणूनच ओळखतात. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सणसवाडी, शिक्रापूर, कारेगाव या गावांची शेते खोल्यांनी आणि चाळींनी भरू लागली. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाचे ठाणे आणि जवळच्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांमुळे कामगारांचेही गाव. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून माणसे येथे येतात ती हाताला काम मिळावे म्हणून. काम मिळते. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाची जात यंत्र विचारीत नाही. पण पाळी संपवून तो खोली शोधावयास निघाला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आडनाव काय? मूळ गाव कोणते? खाणेपिणे कसे? आणि उत्तरे मनासारखी नसली की, “जागा कालच गेली” एवढे तीन शब्द पुरेसे होतात.

या नकाराचे वैशिष्ट्य असे की, तो देताना कोणी आवाज चढवीत नाही. शिवी नाही, धक्काबुक्की नाही, पाटी नाही, कागद नाही. नकार देणाऱ्यास आपण काही अपराध केला असे वाटत नाही. आणि ज्यास नकार मिळाला, त्यास आपल्यावर अन्याय झाला हे ठाऊक असूनही सिद्ध करता येत नाही. तो निमूटपणे पुढच्या दारी जातो. असे पाचसात दरवाजे झाले की, तो आपल्यासारख्यांच्या वस्तीत दुप्पट गर्दीत राहतो, नाहीतर आडनाव लपवितो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा स्तुत्य निर्णय घेतला. पाटीवरचे नाव बदलणे शासनाच्या हाती होते. त्या वस्तीतील माणसास गावात इतरत्र घर मिळणे मात्र अजून घरमालकाच्या मर्जीवर आहे.

दौंडमध्ये तर या प्रश्नाचे उत्तर आणि प्रश्न शेजारी शेजारी नांदत आहेत. रेल्वेच्या वसाहतीत किंवा राखीव पोलिसांच्या चाळीत घर मिळते ते हुद्द्यावर आणि सेवाज्येष्ठतेवर. तेथे एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन धर्मांची कुटुंबे राहतात आणि आकाश कोसळत नाही. तोच कर्मचारी निवृत्त होऊन कुंपणाबाहेर घर पाहू लागला की, तीस वर्षांच्या शेजाराने जे शिकविले ते कुंपणाच्या आतच राहून जाते. माणसे एकत्र राहू शकत नाहीत हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. नियम असला की ती राहतात. नियम नसला की रूढी राज्य करते.

हे दुखणे नवे नाही आणि शिक्षणाने ते आपोआप बरे होते हाही भ्रम आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंड येथे अध्ययन करून बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. राजाचा आश्रय होता, विद्वत्ता होती, पद होते. नव्हते ते राहावयास घर. एका पारशी धर्मशाळेत त्यांना नाव बदलून आसरा घ्यावा लागला, आणि खरी ओळख पटताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शहरात दुसरे छप्पर मिळेना, म्हणून बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ज्या माणसाने पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, त्याची नोकरी एका खोलीअभावी गेली. घर नाकारणे म्हणजे केवळ चार भिंती नाकारणे नव्हे. नोकरी, मुलांची शाळा आणि माणसाची उमेद ही सारी त्या चार भिंतींना बांधलेली असतात.

ज्यांना हा प्रश्न ‘इतरांचा’ वाटतो, त्यांनी सप्टेंबर २०२३ मधील मुलुंडची घटना आठवावी. मराठी म्हणून एका महिलेस कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली, आणि उभा महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण मराठी माणसास मुंबईत जे झोंबते, तेच मुसलमानास, दलितास, पारध्यास किंवा एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीस आमच्या शिरूर-दौंडात झोंबत नसेल काय? जो न्याय आपणांस हवा तो दुसऱ्यास देण्याची तयारी नसेल, तर त्यास न्यायाची चाड म्हणत नाहीत. त्यास केवळ स्वतःची कड घेणे म्हणतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. त्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. एवढेच नव्हे, तर असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असता ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले, असे न्यायालयाने विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१६ पासून अधिक कडक झाला आणि सामाजिक व आर्थिक बहिष्कारही त्याच्या कक्षेत आला. सहकारी गृहरचना संस्थेत सभासदत्व सबळ कारणावाचून नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा आणि एचआयव्हीबाधितांविषयीचा २०१७ चा कायदा यांनी तर घर भाड्याने देण्यात भेदभाव करू नये, असे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे.

म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे वाक्य लिहिता येत नाही असे नाही. प्रश्न असा की, ते सर्वांसाठी का लिहिले गेले नाही? राज्यघटनेचे पंधरावे कलम शासनास भेदभावाची बंदी करते आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांची दारे सर्वांस उघडते; खाजगी घराचा त्यात उल्लेख नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा भाड्याची वाढ आणि भाडेकरूची हकालपट्टी यांविषयी तपशीलवार बोलतो. भाडेकरू निवडताना धर्म वा प्रांत पाहावा की नाही, याविषयी तो मौन पाळतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व केवळ पारशी समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. २००६ साली सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली; ती कागदावरच राहिली. परिणामी अनुसूचित जातीच्या माणसास निदान पोलीस ठाण्याची पायरी आहे. धर्मावरून नाकारल्या गेलेल्या माणसास तीही नाही.

आणि पायरी आहे म्हणून ती चढता येते असेही नाही. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर असते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा गिरविला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जाण्याची सोय ठरावाने झाली नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह व्हावा लागला. त्यानंतर त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. ठराव करणारे पुष्कळ असतात. ठरावाच्या मागे उभे राहणारे एखादे कार्यालय, एखादा अधिकारी, एखादी नोंदवही नसेल, तर तो ठराव दप्तरात पिवळा पडतो.

इतर देशांतील शहरांनी हे ओळखले. न्यूयॉर्क शहराने १९५७ साली खाजगी घरांच्या बाबतीत भेदभावास बंदी करणारा कायदा केला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरातच, ११ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेने देशव्यापी कायदा केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एक वर्षाच्या आत तक्रार करावयाची. ज्या शहराचा वा राज्याचा कायदा तितकाच समर्थ असेल त्याच्याकडे ती चौकशीसाठी सोपवावयाची. आधी समेटाचा प्रयत्न, तो न साधल्यास सुनावणी. सगळ्यांत उपयुक्त गोष्ट पडताळणीची. सारखाच पगार आणि सारखेच कुटुंब असलेली, पण वंशाने भिन्न अशी दोन माणसे एकाच घराची चौकशी करतात. एकास घर रिकामे असल्याचे आणि दुसऱ्यास ते गेल्याचे सांगितले गेले की, न बोललेला नकार बोलू लागतो. आपल्याकडेही प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात दूरध्वनीवरून आणि समक्ष चौकशी करून याच पद्धतीचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुसलमान घरशोधकांना उच्चवर्णीयांपेक्षा अधिक नकार आणि अधिक जाचक अटी मिळतात, हे त्यात स्पष्ट झाले. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने आपल्या भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ हा शब्द घातला. निवासाचा त्यात समावेश आहे. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. जातीवरून घर नाकारल्यास सात समुद्रांपलीकडच्या एका नगरपालिकेत तक्रार नोंदविता यावी आणि ती पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर नोंदविता येऊ नये, ही आम्हांस लाजेची गोष्ट वाटते.

यावर घरमालकांचे म्हणणे आम्ही जाणतो. घर माझे, घाम माझा, कर्जाचे हप्ते माझे. मग भाडेकरू माझ्या पसंतीचा का नको? पसंतीचा हक्क आहेच. भाडे वेळेवर देईल काय, घर नीट राखील काय, कागदपत्रे खरी आहेत काय, हे सारे त्याने अवश्य पाहावे. पण जातीवरून वा धर्मावरून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भाडे बुडविणारा प्रत्येक जातीत असतो आणि पहिल्या तारखेस पैसे हाती ठेवणाराही. स्वतःच्या राहत्या घरातील एखादी खोली देणाऱ्या वृद्धेची गोष्ट निराळी. मालक स्वतः राहत असलेल्या लहान घरांना अमेरिकेच्या कायद्यानेही बरीच सवलत दिली आहे. परंतु जो वीस खोल्यांची चाळ बांधून त्यावर उत्पन्न मिळवितो, तो व्यवसाय करतो. आणि व्यवसायास गावाने रस्ता दिला आहे, पाणी दिले आहे, दिवाबत्ती दिली आहे. गाव सर्वांचे असेल, तर त्याच्या जिवावर चालणारा व्यवसाय सर्वांस खुला असला पाहिजे.

संपूर्ण उपाय राज्याच्या विधिमंडळाच्या हाती आहे, आणि घरांच्या व्यवहारात जात, धर्म, भाषा वा प्रांत यांवरून भेदभावास बंदी करणारा कायदा त्याने करावा, अशी आमची मागणी आहे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदांनी, तसेच औद्योगिक वसाहतीभोवतीच्या ग्रामपंचायतींनी, पुढील गोष्टी आजही कराव्यात. घर नाकारल्याच्या तक्रारींची एक नोंदवही उघडावी आणि तिच्यासाठी एक अधिकारी नेमावा. तक्रारदारास क्रमांकासह पोच द्यावी. आठ दिवसांत ती तक्रार तिच्या योग्य ठिकाणी, म्हणजे पोलीस ठाण्याकडे, सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीकडे पाठवावी. त्या समितीने दर तीन महिन्यांनी बैठक घ्यावयाची असते. तिच्यापुढे घरांचा विषय दर वेळी ठेवण्यात यावा. किती तक्रारी आल्या, कितींचे काय झाले, हे नगरपरिषदेच्या फलकावर लावावे. घरांची दलाली करणाऱ्यांना बोलावून, आडनाव विचारून जागा दाखविणार नाही, असे लेखी घ्यावे. कारण पुष्कळदा मालकाच्या आधी दलालच चाळणी लावतो. आणि स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने वर्षातून एकदा पडताळणी करावी.

यांपैकी कशासही फार पैसा लागत नाही, की मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नगरपरिषदेस शिक्षा करण्याचा अधिकार नाही हे खरे. पण मोजण्याचा आणि ते जाहीर करण्याचा अधिकार तिच्यापासून कोणी हिरावलेला नाही. जो अन्याय मोजला जात नाही, तो नाहीच असे म्हणण्याची सोय सर्वांना असते. आज ती सोय आमच्या दोन्ही नगरांस आहे.

पोटासाठी आलेल्या माणसाच्या श्रमावर शिरूर आणि दौंडची बाजारपेठ चालते. दिवसभर त्याचे हात चालतात आणि संध्याकाळी त्याचे नाव चालत नाही, हा व्यवहार फार दिवस टिकणारा नाही आणि टिकूही नये. नोंदवहीचे पहिले पान कोणती नगरपरिषद आधी उघडते, याची आम्ही वाट पाहत आहोत.