परसातील बिनविषारी साप

पावसाळ्यास आरंभ होऊन बिळांत पाणी शिरू लागले की परसात, कुंड्यांच्या आडोशाला किंवा न्हाणीघराच्या मोरीपाशी साप दृष्टीस पडू लागतात. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुसंख्य माणसाला निरुपद्रवी आहेत. तरीही साप दिसताच काठी उचलली जाते. या भीतीला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मृत्युमुखी पडली. म्हणूनच सापाची ओळख दोन्ही बाजूंनी महत्त्वाची ठरते. ती चुकली, तर एक तर निरपराध प्राणी मरतो किंवा माणूस प्राणास मुकतो.

प्रथम फसव्या खुणांचा विचार करू. डोके त्रिकोणी आणि डोळ्याची बाहुली उभी असेल तर साप विषारी, अशी समजूत सर्वत्र आढळते. घोणस व फुरसे यांच्या बाबतीत ती खरी आहे. परंतु नाग आणि मण्यार यांचे डोके मानेहून फारसे रुंद नसते व त्यांची बाहुली गोल असते. उलट, माणसाला अपाय न करणाऱ्या मांजऱ्या सापाचे डोके त्रिकोणी असून बाहुली उभी असते. तात्पर्य, एकाच खुणेवर विसंबून निर्णय करणे धोक्याचे आहे. रंग, पट्टे, खवले, शेपटी आणि वर्तन यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कवड्या आणि मण्यार. दोन्ही साप निशाचर आहेत आणि दोन्ही घराच्या आसपास वावरतात. कवड्या पाली खातो व त्यांच्या मागे खडबडीत भिंतीवरही सहज चढतो. त्याचा रंग तपकिरी असतो. अंगावरील पांढरट किंवा पिवळसर आडवे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढील भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार मात्र चकचकीत काळी किंवा निळसर काळी असते. तिचे पांढरे पट्टे अरुंद असून बहुधा जोडीजोडीने येतात. ते मानेपासून काही अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. तिच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक ओळ असते. तथापि, मण्यारीच्या पिलांत पट्ट्यांची मांडणी वेगळी असू शकते आणि काही प्रौढ मण्यारींच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातच. उत्तरेत ‘करैत’ या नावाने ओळखला जाणारा हा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो. दंशाची वेदना वा सूज इतकी अल्प असते की पुष्कळदा दंश झाल्याचे लक्षातही येत नाही.

धामणीची गोष्ट वेगळी आहे. दोन मीटरपर्यंत सहज वाढणारा हा चपळ साप दिवसा हिंडतो आणि उंदीर फस्त करतो. लांबी व रंग यांमुळे लोक त्याला नाग समजतात. धामणीचे डोळे मोठे असतात, ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात आणि तिला फणा नसतो. मात्र नागही प्रत्येक वेळी फणा उभारतोच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

दुरक्या घोणस या बिनविषारी सापाला घोणसच्या अंगावरील ठिपक्यांमुळे प्राण गमवावा लागतो. घोणसच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. दुरक्याचे डाग वेडेवाकडे व एकमेकांत मिसळलेले असून त्याची शेपटी आखूड असते.

कुंडीतील माती उकरताना गांडुळासारखा जो काळसर, चकचकीत जीव वळवळतो, तो बहुधा वाळा साप असतो. त्याच्या अंगावर गांडुळासारखी वलये नसतात. गुळगुळीत खवले असतात. तो मुंग्या व वाळवी यांची अंडी-अळ्या खातो. या जातीत केवळ माद्याच असतात व त्या नराविना प्रजनन करतात. त्यामुळे कुंडीतील मातीतून नकळत गेलेली एक मादीही नव्या देशात वंश वाढवू शकते. अशा रीतीने हा साप जगभर पसरला आहे.

वरील खुणा दुरून पाहण्यासाठी आहेत. साप हातात घेऊन त्या पडताळून पाहू नयेत. ओळखीबद्दल तिळमात्र शंका असल्यास साप विषारी आहे असेच समजावे, दूर उभे राहून त्याला वाट मोकळी ठेवावी आणि तो घरात शिरला असल्यास वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे. दंश झाल्यास जखम कापू नये, अवयव घट्ट आवळून बांधू नये किंवा मांत्रिकाकडे जाऊ नये. दंश झालेला भाग न हलवता रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर उपयुक्त असल्याने, उपचारासाठी साप मारून नेण्याची आवश्यकता नसते.

परसात विटांचे ढीग व पालापाचोळा साचू न देणे, रात्री विजेरी घेऊन बाहेर पडणे आणि मच्छरदाणी नीट खोचून झोपणे, एवढी खबरदारी घेतल्यास माणूस सुरक्षित राहील आणि उंदरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या धामणीलाही आपल्या परसात निर्भयपणे वावरता येईल.