चेन्नईची कचेरी

डिसेंबरात चेन्नईला आठ दिवस जाऊन येतो म्हटल्यावर सांगवीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं काय बघणार?" मी म्हटलं, "बघणार नाही, ऐकणार आणि खाणार." दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता. आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं. मग गाणं ऐकायला कशाला?

ह्यांची तीस वर्षं पिंपरी पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेसवर गेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीतले बारीक आवाज. त्यामुळे 'स' आणि 'श' हरवतात, सतारीची झणकार हरवते. खालचे, भरदार आवाज मात्र बरेच दिवस टिकतात. कानात यंत्र आहे, पण ते मुळात बोलणं समजावं म्हणून बनवलेलं. तंबोऱ्याचा झंकार त्यातून पत्र्यावर वाजल्यासारखा येतो, असं हे सांगतात. मी लग्नाआधी गाणं शिकत होते. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून मैफली ऐकायच्या, हा आमचा जुना बेत. तो सोडून द्यावा की काय, अशी वेळ आली होती.

तरी गेलो. पुण्याहून रेल्वेनं एक रात्र आणि बराचसा दिवस जातो. मैलापुरात खोली घेतली, कारण तिथून बऱ्याच सभा जवळ पडतात. सभा म्हणजे भाषणाची नव्हे. संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला तिथं सभा म्हणतात. आणि मैफलीला म्हणतात कच्चेरी. शब्द आपल्या कचेरीचाच. हे म्हणाले, "जन्मभर कारखाना झाला, आता कचेरी!"

पुण्यात आपला सवाई गंधर्व महोत्सव एका मंडपात भरतो. चेन्नईत तसं नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत शहरभर अनेक सभागृहांत एकाच वेळी गाणं चालू असतं. याची सुरुवात १९२७ सालची. त्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि त्याला जोडून संगीत परिषद झाली. तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली आणि दर वर्षीचा हा मोसम रुजला. सकाळ-दुपारचे नवोदितांचे कार्यक्रम अनेक ठिकाणी फुकट असतात, संध्याकाळच्या मोठ्या कलाकारांना तिकीट.

आपल्याकडे एक राग तासभर चालतो. तिथं दोन-अडीच तासांत आठ-दहा रचना होतात. सुरुवातीला वर्णम्, मग दोन-तीन कृती, मध्यावर एक मोठी रचना आणि तिला जोडून तनि आवर्तनम्, म्हणजे मृदंगम् आणि घटम् यांचं स्वतंत्र वादन. शेवटी हलक्या रचना आणि मंगलम्. या हलक्या रचनांत एखाद्या संध्याकाळी चक्क अभंग येतो. त्यात नवल नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापलं आणि १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती. त्यागराज (१७६७ ते १८४७) जवळच्याच तिरुवैयारूला याच काळात होऊन गेले. आपल्या कीर्तनकारांचा प्रभाव तिथल्या हरिकथेवर पडला. साकी, दिंडी, अभंग ही नावं अजून तिच्यात आहेत. सांबार हा शब्द संभाजी नावावरून आला अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट चविष्ट आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

खाण्याचं म्हणाल, तर सभेइतकंच तिच्या उपाहारगृहाला महत्त्व. गाण्याचं तिकीट न काढता नुसते जेवायला येणारेही असतात. सकाळी पोंगल आणि वडा, दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी अडई आणि अवियल. अडई म्हणजे डाळी-तांदळाचा जाडसर डोसा, आपल्या धिरड्याची बहीण. अवियल म्हणजे नारळ घातलेली मिश्र भाजी. वर वाटी-पेल्यातली फेसाळ कॉफी. रात्रीची मौज म्हणाल तर एवढीच. नऊच्या सुमारास कच्चेरी संपते, पानावर गरम जेवायचं आणि कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांनी गजऱ्यांचा वास घेत खोलीवर यायचं. साडेदहाला शहर झोपतं, कारण पहाटे भजनं सुरू होतात.

पहिले दोन दिवस ह्यांचे चुळबुळ करण्यात गेले. गायिकेच्या तानेचा वरचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी शेजारी एक वृद्ध मामी बसल्या होत्या. तिथले बरेच श्रोते मांडीवर हातानं ताल धरतात, तसा त्यांनी धरला होता. हे त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मामींच्या ते लक्षात आलं. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. त्यांनी हात थोडा पुढे सरकवला आणि सावकाश दाखवला. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. झाल्या आठ मात्रा. हा आदिताल. ह्यांनी दोनदा चुकत, तिसऱ्यांदा धरला.

मग तनि आवर्तनम् सुरू झालं आणि निम्मं सभागृह उठलं. ही तिथली जुनी खोड आहे. मृदंग वाजायला लागला की लोक कॉफीला जातात. मीही उठले. हे म्हणाले, "तू जा. हे मला ऐकू येतंय." मी बसले. मृदंगाचा डावा, घुमारदार आवाज त्यांच्या शाबूत राहिलेल्या पट्टीतला होता. पंधरा मिनिटं त्यांचा हात एकदाही चुकला नाही. माझा चुकला.

उरलेले दिवस आम्ही तसेच बसलो. राग कोणता ते मी सांगायचे, ताल कोणता ते हे सांगायचे.

कुणाला जायचं असेल तर खोली महिनाभर आधी ठरवा आणि सभेची वेळापत्रकं मागवून घ्या. घरात कुणाला ऐकू कमी येत असेल तर त्याला पुढच्या रांगेत, मृदंगाच्या बाजूला बसवा. कारखान्यात अजून नोकरीवर असलेल्यांना एकच विनंती, कानातली बुचं खिशात ठेवू नका.