जोगेश्वरी, योगेश्वरी आणि मधले एक अक्षर

चर्चगेटहून निघालेली धीमी लोकल अंधेरी सोडते तेव्हा डब्यातला ध्वनिक्षेपक एका देवीचे नाव घेतो. पुढचे स्टेशन जोगेश्वरी. दिवसातून शेकडो गाड्यांमध्ये हे नाव घेतले जाते आणि ते ऐकून कोणी हात जोडत नाही. जो तो पिशवी सावरतो आणि दाराकडे सरकतो. मुंबईला देव्यांच्या नावांचे वावडे कधीच नव्हते. शहराचे नावच मुंबादेवीवरून आले. पण मुलीचे नाव मुंबा ठेवल्याचे आपण कधी ऐकले आहे का? प्रभादेवीतली प्रभा मात्र एका पिढीत घरोघरी होती. कोणती देवी पत्त्यावर राहते आणि कोणती पाळण्यात येते, याचे काही तरी गणित असलेच पाहिजे.

1980च्या दशकात मी उपनगरातल्या एका बँकशाखेत नोकरीला होतो. खातेवही तेव्हा खरोखरच वही असे, उचलताना दोन्ही हात लागत. पत्त्याच्या रकान्यात ‘जोगेश्वरी (पूर्व)’, ‘जोगेश्वरी (पश्चिम)’ पानोपानी. नावाच्या रकान्यात योगेश, योगिता, योगिनी पुष्कळ, क्वचित एखादी योगेश्वरीसुद्धा. परंतु मराठी आडनावाच्या जोडीला ‘जोगेश्वरी’ हे नाव माझ्या हाताखालून गेल्याचे आठवत नाही. देवी एकच, अर्थ एकच. य लावला तर मुलीचे नाव होते, ज लावला तर स्टेशन होते.

आता हा ज आला कुठून? संस्कृत शब्दाच्या आरंभीचा य प्राकृतात ज होतो, हा नियम वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त नोंदलेला आहे. म्हणजे तो खेडवळ तोंडाचा दोष नव्हे, व्याकरणकारांनी फार पूर्वी मान्य केलेला रिवाज आहे. यात्रेची जत्रा झाली, यादवाचा जाधव झाला, यवाचे जव झाले, यज्ञोपवीताचे जानवे झाले. यंत्राचे जाते झाले आणि घरोघरी फिरले. बैलाच्या मानेवरचे जू हे मूळचे युग. म्हणजे योग, युग आणि जू ही ‘जोडणे’ या एकाच धातूची लेकरे. (जोशी मात्र या कुटुंबातले नव्हेत, ते ज्योतिषावरून आलेले.) गंमत अशी की जानवे घालणाऱ्याला त्यातल्या ज चा संकोच वाटत नाही. संकोच सुरू होतो तो मुलीचे नाव ठेवताना.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर नाव भक्कम आहे. गीतेत कृष्णाला योगेश्वर म्हटले आहे, त्याचे हे स्त्रीरूप. वराहपुराणात मात्र योगेश्वरी निराळीच भेटते. अंधकासुराच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राही. तेव्हा शिवाच्या मुखातून निघालेल्या ज्वाळेतून ही शक्ती प्रकटली. ती आठवी मातृका. एकीकडे ध्यानस्थ योगिनी, दुसरीकडे रक्त जमिनीवर पडू न देणारी उग्र देवता. बारशाच्या पुस्तिकांत ‘योगाची स्वामिनी’ एवढेच छापतात, ते एका परीने ठीकच आहे.

उपनगराला नाव देणारी देवी पूर्वेच्या गुंफेत राहते. पश्चिम द्रुतगती मार्गापासून जवळच, चाळी आणि झोपड्यांच्या दाटीत, जमिनीच्या पोटात हे लेणे आहे. सहाव्या शतकातले, शैव. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने त्याचा काळ इ. स. 520 ते 550 असा धरला आहे. पायऱ्या उतरून आत गेले की खांबांच्या रांगा, द्वारपाल, मधोमध गाभाऱ्यात शिवलिंग. म्हणजे मूळ यजमान महादेव. देवीची मूर्ती आणि तिच्या पादुका लेण्याच्या एका अंगाला. पण वस्तीला नाव पडले ते देवीचे. कित्येक मराठी घरांची ती कुलदेवता आहे आणि नवरात्रात पायऱ्यांवर ओटी भरणाऱ्या बायकांची रांग लागते.

याच नावाची मोठी देवी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला. कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी इतक्या दूर मराठवाड्यात कशी, हा वाद जुना आहे आणि इथे तो उकरण्याचे कारण नाही. तिची कथा मात्र सांगितली पाहिजे. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. गावाजवळच्या लेण्यांतले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असे लोक दाखवतात. देवी कुमारिका राहिली ती कायमची. सोयरीक मोडल्यामुळे या देवीचे मात्र काही अडले नाही. गावच तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले. निजामाच्या राज्यात त्याला मोमिनाबाद म्हणत, तरी जोगाई पुसली गेली नाही.

अंबाजोगाई गावच्या नावात ज आहे. तिथल्याच शिक्षणसंस्थेच्या पाटीवर मात्र य: योगेश्वरी. बोलताना जोगाई, लिहिताना योगेश्वरी. पुण्यात तांबडी जोगेश्वरीने ज टिकवला, कारण ग्रामदेवतेच्या नावात हात घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मुलीच्या नावाला असा कोणी राखणदार नसतो.

आणि इथे मला वाटते तो खरा मुद्दा येतो. मराठीत ‘जोग’ची सोबत सोपी नाही. नवरात्रात मंगळवारी, शुक्रवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची रीत खात्यापित्या घरांतही होती, तो एका दिवसाचा व्रतस्थ भिकारपणा. एकनाथांनी जोगव्यावर रचना केली आणि ती कीर्तनात मानाने गायली गेली. पण कोल्हापूर, सांगलीकडून सौंदत्तीच्या यल्लम्मापर्यंत गेले की जोगवा एका दिवसाचा राहत नाही. तिथे जोगतीण जन्मभर मागते. केसांत जट झाली, घरात आजार आला, नवस फेडायचा राहिला, अशा कारणांवरून गरिबांच्या, बहुतेक दलितांच्या मुली देवीला सोडल्या गेल्या. 1934 साली मुंबई प्रांतात त्याविरुद्ध कायदा झाला. तेवढ्याने भागले नाही म्हणून कर्नाटकाने 1982 मध्ये आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये नवे कायदे केले. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून हे जग मांडले, त्यांच्या आधाराने 2009 साली ‘जोगवा’ हा चित्रपट आला.

यल्लम्मा वेगळी, योगेश्वरी वेगळी. शब्द मात्र एक. योगिनी आणि जोगीण यांच्यात व्याकरणाने फक्त एका अक्षराचे अंतर आहे. समाजाने त्या अंतरात जात बसवली, पैसा बसवला, शाळा बसवली. य वाल्या मुलीचे नाव हजेरीपटावर गेले. ज वालीचे देवळाच्या पायरीवर राहिले. आईबाप ‘योगेश्वरी’ लिहितात तेव्हा त्यांना संस्कृतची ओढ असते असे नव्हे. आपली मुलगी कोणत्या बाजूची, एवढे त्यांना नोंदवून ठेवायचे असते. त्यांना दोष कसा द्यावा?

हे असेच व्हायला हवे होते असे मात्र नाही. बंगालीत लिहितात य आणि म्हणतात ज. सर आशुतोष मुखर्जींच्या पत्नीचे नाव आपण जोगमाया ऐकतो, लिहिताना ते योगमायाच असते. कोलकात्यात त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे आणि त्या ज मुळे कोणाला काही उणे वाटत नाही. आपण मात्र जसे बोललो तसे लिहिले आणि मग लिहिलेल्याची लाज धरली. आपल्याकडच्या जुन्या घरांत यमुना होत्या. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. जमना मात्र खालच्या आळीत किंवा गुजराती शेजारात. लेखिका आणि गायिका योगिनी जोगळेकर यांच्या नावात दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी नांदली. आडनावातल्या जोगचे मूळ निराळे असेलही, पण कानाला ती जोडी गोड लागते.

मुंबईत या नावावर आणखी एक सावली पडली. 1993च्या जानेवारीतल्या दंगलीत राधाबाई चाळीत घडलेल्या जळितामुळे ‘जोगेश्वरी’ देशभरच्या वृत्तपत्रांत आली. पुढे काही काळ इथली माणसे स्थळाच्या चिठ्ठीत पत्ता लिहिताना ‘अंधेरीच्या पुढे’ असे मोघम लिहीत. एरवी 1930 पासून इस्माईल युसुफ महाविद्यालय इथे उभे आहे, गुंफा तर त्याच्याही चौदाशे वर्षे आधीची. पण दोन रात्रींची बातमी तेवढी लक्षात राहिली.

बँकेत नाव बदलाचे अर्ज येत, सोबत शासनाच्या राजपत्राचे कात्रण. लग्नानंतरची बदललेली नावे त्यांत अधिक. पण मधूनच कोणी जमनाची यमुना, जसोदाची यशोदा करून घेतलेली असे. बहुधा मुलाला नोकरी लागल्यावर किंवा सोसायटीत घर घेतल्यावर. य चा ज करून घ्यायला कोणी आल्याचे मला माहीत नाही.

आता नावे दोन-अडीच अक्षरांची झाली आहेत. योगेश्वरी फॉर्मच्या चौकटीत जेमतेम मावते, म्हणून तिच्यातली नुसती ईश्वरी काढून ठेवतात, ती हल्ली बरीच ऐकू येते. तीत योगही नाही आणि जोगही नाही. तरी मराठवाड्यात पूर्ण नावाची योगेश्वरी अजून सहज भेटते. गेल्या नवरात्रात गुंफेच्या पायऱ्यांवर अशीच एक चार-पाच वर्षांची दिसली. आई तिला पूर्ण नावाने हाका मारत होती. मागून सावकाश उतरणारी आजी म्हणाली, “जोगे, हात धर गं माझा.” आईने हळूच दुरुस्ती केली. आजीने मान डोलावली आणि पुढच्या पायरीवर पुन्हा “जोगे” म्हणून हाक घातली. पोरीने दोन्ही हाकांना ओ दिली.