म्युलर : आडनावामागील अर्थकारण

ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचे आडनाव जर्मनीत सर्वाधिक आढळते. म्युलर म्हणजे धान्य दळून देणारा. मध्ययुगीन खेड्यात शेतकरी अनेक, पण चक्कीवाला बहुधा एकच. साहजिकच व्यवसाय हीच त्याची ओळख ठरली. जमीनदाराच्या चक्कीवरच दळण्याची सक्ती असे आणि दळणावळ म्हणून धान्याचाच वाटा कापला जाई. मापाविषयी संशय आलाच! कित्येक प्रांतांत चक्कीवाल्यांच्या मुलांना कारागीर-संघांची दारे बंद असत. १५४८ च्या साम्राज्य-फर्मानाने ती उघडण्यास सांगितले. प्रशियात १८१० मध्ये दळणसक्तीही संपली. धंदा सुटला, नाव उरले; कवीचा मुलगा म्युलर वेदपंडित झाला. समाजाची प्रगती आडनावे पुसण्यात नसते. आडनावाने कोणाची वाट अडू नये, यात असते.