एकांत म्हणजे पळवाट?
ख्रिस्ती साधकाचा एकांत ही जगापासूनची पळवाट आहे, हा आक्षेप जुना आहे. चौथ्या शतकात संत बेसिल यांनीच विचारले होते, की एकटा राहणारा कोणाचे पाय धुणार? प्रश्न बिनतोड वाटतो. पण इजिप्तच्या वाळवंटातले दाखले निराळे आहेत. संत अँथनी सुमारे वीस वर्षे एका पडक्या किल्ल्यात प्रार्थनेत राहिले, आणि ३११ च्या सुमारास छळ वाढताच तुरुंगातल्या ख्रिस्ती बांधवांना धीर द्यायला अलेक्झांड्रियाला गेले. वाळवंटातले साधक प्रार्थना म्हणत टोपल्या विणत, विकत आणि उरेल ते गरिबांना देत. मार्ककृत शुभवर्तमानातला येशूही पहाटे एकांतात प्रार्थना करतो आणि मग गावोगाव निघतो. काहींचा एकांत निव्वळ हट्ट ठरला असेल, तो दोष हट्टाचा. खुद्द बेसिलही आधी पोंटसच्या एकांतात राहिले. आजारी आणि गरिबांसाठी कैसरियाजवळ मोठी संस्था त्यांनी उभारली ती त्यानंतर.